चिमणीच्या पिशवीतलं पुडकं

"आली का गं?"

"नाही अजून. सारखं विचारू नकोस."

वर्गाची मॉनिटर खिडकीच्या गजांना नाक लावून उभी होती. तिथून शाळेचं फाटक स्वच्छ दिसायचं. घंटेला पाच मिनिटं उरली होती.

शिवणाच्या तासाला मुलींनी जुन्या मऊ चादरी कापून पाळीसाठी घड्या शिवल्या होत्या. तीन-तीनची पुडकी कोपऱ्यातल्या कपाटात ठेवली. कपाटाला कुलूप नाही, कुणी नेलं ते विचारायचं नाही. शाळा सोडलेल्या सहा जणी दोन महिन्यांत परत आल्या. मॉनिटर त्यांतलीच.

राहिली होती एकटी चिमणी. तुरुतुरु चालायची, म्हणून हे नाव. दर महिन्याला चार दिवस गायब. आलीच तर भिंतीला पाठ लावून, ओढणी सावरत उभी. मॉनिटरला ते उभं राहणं तोंडपाठ होतं. पण चिमणी कपाटाकडे ढुंकूनही बघायची नाही.

सोमवारी ऑफिसबाहेर मॉनिटरनं मोठ्या बाईंचा आवाज ऐकला होता. "पुन्हा दांडी झाली, तर नाव कमी करावं लागेल." चिमणी मान खाली घालून बाहेर आली.

वर्गाचं धाबं दणाणलं. चिमणी गेली तर निम्म्या जणींना गणित कळणार कसं?

काल दुपारी ती पोट धरून बसलेली दिसली, तेव्हा तिघींनी हळूच तिच्या पिशवीत पुडकं सरकवलं.

"चिठ्ठी टाकू का?"

"वेडी का खुळी? अक्षर ओळखेल ना ती!"

"रागावली तर?"

"रागावू दे. येऊ दे फक्त."

घंटा झाली. शिपाईमावशी फाटक ओढू लागल्या. मॉनिटरनं मनातल्या मनात देवाला हात जोडले. तेवढ्यात वळणावर तुरुतुरु पावलं दिसली.

"मावशी, थांबा! थांबा ना!" सगळा वर्ग खिडकीतून ओरडला. "आली! आली गं बाई!"

बाकं बडवली गेली, मिठ्या पडल्या. एक जण तर चक्क बाकावर चढून नाचली. मॉनिटरचे डोळे भरून आले.

"ए, गप बसा! काही झालंच नाही असं दाखवायचं."

दारात चिमणी आली. सगळ्यांची डोकी वह्यांत.

धाप लागलेली, कपाळावर घाम, पण चेहरा हसरा. ती सरळ पुढे गेली, खुशाल सगळ्यांकडे पाठ करून तिनं फळ्यावर तारीख लिहिली. मग खडू खाली ठेवून हजेरीपट उघडला.

"एक नंबर?"

"हजर, बाई!"