क्षत्रबलाक दिसतो कसा

लेकीने पसंत केलेला मुलगा दुकानात आला, तेव्हा टेलरमास्तरांनी त्याला खुर्ची दिली नाही. सरळ आरशापुढे उभं केलं आणि गळ्यातली टेप काढली. बसलेला माणूस गप्पा मारतो, माप देताना मात्र खरं बोलतो, असा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव. कोपऱ्यात बायको सदऱ्याची बटणं लावत होती. डोळे सुईवर, कान इकडे.

"करता काय तुम्ही?"

"पक्ष्यांचा अभ्यास, काका. दलदलीत एक मोठा करकोचा असतो, क्षत्रबलाक. सहा वर्षं त्याच्यामागे आहे."

"दिसतो कसा?"

मुलगा खुलला. "चांगला आपल्या छातीपर्यंत उंच. पाय म्हणजे नुसत्या काठ्या. डोक्याला टक्कल, त्यावर चार केस, तेही उभे. गळ्याखाली कातड्याची लोंबती पिशवी. आणि चालतो असा, जणू हात मागे बांधून साहेब तपासणीला निघालेत."

मास्तर हात मागे बांधून त्याच्याभोवती फेरी मारत होते, पाठ कशी बसेल ते बघत. ते जागीच थांबले. आरशात त्यांना टक्कल दिसलं. चार केस दिसले. नजर हनुवटीखाली उतरली, तेव्हा मुलाचीही तिथेच पोचली होती, आणि त्याचा चेहरा शिंप्याच्या खडूसारखा पांढरा पडला होता. कोपऱ्यात बायकोने दोरा दातांत धरला होता. तोडत मात्र नव्हती. खांदे गदगदत होते.

"मग त्यात सहा वर्षं बघण्यासारखं काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

सारवासारव मुलाला जमण्यातली नव्हती. "आधी मलाही नव्हता आवडला. मग एकदा भर उन्हाळ्यात घरट्यावर पाहिला. पिल्लांना ऊन लागू नये म्हणून पंख पसरून उभा होता. दुपारभर. हलला नाही."

मास्तरांनी टेप छातीभोवती फिरवली. वहीत छातीचं माप लिहिलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं.

"आणि मादी?"

"हुबेहूब तशीच. नर कुठला, मादी कुठली, जवळून बघूनही कळत नाही."

कोपऱ्यातलं हसू तुटलं. सदरा बाजूला ठेवला गेला.

मास्तरांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते त्याच्या कानाशी वाकले.

"सरळ समोर बघा, जावईबापू. सासूबाईंकडे अजिबात नको."