चौथा थर

सदतीस साली हिंगोलीच्या एका जिनिंग कारखान्याचं छत कापसाच्या गाठींवर गळू लागलं. तांड्यावरचा वसराम गोणपाट अंथरून त्यावर उकळतं डांबर पसरायचा. पाय भाजू नयेत म्हणून शिडीकडे पाठ करून मागं सरकायचा.

पहिला थर निवला, तर मधोमध दोन अनवाणी पावलं उमटलेली. दुसऱ्या थरावर तीच, पण शिडीकडे सरकलेली. तिसऱ्यावर पावलांपासून शिडी हातभर राहिली.

"मालक, मी न्हाई चढत."

माणिकराव फक्त गळतीला भ्यायचे. "पावलंच हायेत ना? ती गळत न्हाईत. मिरग येऊन राहिला. मी शिडी धरतो, चढ."

दुपारच्या उन्हात छत पाण्यासारखं हलत होतं. चौथा थर संपला. मागं न पाहता वसरामनं शिडीवर पाय टेकला.

खालून माणिकराव म्हणाले, "सावकाश रे. दोघं एकदम उतरू नका."