नऊ तासांचा उजेड

आमच्या जलविद्युत केंद्राच्या स्टोअरमध्ये आलेली टॉर्चची बॅटरी मी चाचणी मशीनला लावून पूर्ण उतरवली आणि तिची क्षमता मोजली. वर छापलंय ९९०० एमएएच, भरली जेमतेम ११००. नऊ तासांचा उजेड सांगून एका तासाचा आमच्या गळ्यात मारला होता. गेल्याच आठवड्यात आमचा फिटर असल्याच बॅटरीवर दुरुस्तीसाठी रिकाम्या केलेल्या पाण्याच्या बोगद्यात उतरला आणि अंधारात भिंत चाचपत, गुडघे सोलून बाहेर आला.

पुरवठादाराला बोलावून आकडे दाखवले, तर तो गालातल्या गालात हसला. "मॅडम, तुमच्या त्या डबड्यावर काय विश्वास ठेवायचा? प्रत्यक्ष वापरून बघा. लेबलवर लिहिलंय तो आमचा शब्द आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी शांतपणे म्हटलं, "चला, वापरूनच बघू."

बॅटरी त्यानेच निवडली, चार्जरचा हिरवा दिवा लागेपर्यंत चार्जही त्यानेच केली. बोगद्यात टॉर्च घेऊन तो पुढे, मी मागे. तासाभरात उजेड पिवळा पडला, मिचमिचला आणि विझला. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार.

"मॅडम," त्याचा आवाज कापत होता, "तुमच्याकडे दुसरी टॉर्च असेल ना? लावा ना, प्लीज."

होती. खिशात, माझ्या मुठीत. मी ती तशीच धरून ठेवली.

"कशाला? तुमच्या शब्दाप्रमाणे अजून आठ तास उजेड आहे."