जुळलेलं हाड

मेलेलं हाड पुन्हा जुळत नाही, हे शरीररचनाशास्त्राचं अढळ सत्य आहे. आमच्या वर्गात ते जेमतेम महिनाभर टिकलं.

एका विद्यार्थिनीचा धक्का लागून सांगाड्याच्या मांडीचं हाड मोडलं. "परीक्षेला कशी बसतेस तेच बघतो," सरांनी दम भरला. महिन्यानं पाहिलं, तर भेग बुजून तिच्यावर नव्या हाडाची गाठ धरलेली.

सर भडकले. "मला न विचारता कोणी चिकटवलं हे?"

"सर, शपथ, मी हातही लावला नाही!"

"मग काय आपोआप जुळलं? मला खुळा समजतेस?"

त्यांनी रागानं गाठ दाबली. सांगाड्यानं पाय चटकन मागे घेतला.

विनापरवानगी दुरुस्तीबद्दल पोरीची परीक्षा गेली ती गेलीच.

सांगाडा प्लॅस्टिकचा होता.