पलीकडचा काठ

“हा माणूस अगदी कृतघ्न आहे,” धाकटी म्हणाली आणि तिने पत्ता इस्त्रीच्या टेबलावर आपटला.

कोट न्यायला आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांच्या पर्समध्ये टॅरोचे पत्ते कायम असत, बुद्धकथांची चित्रं असलेले. दात काढण्याआधी घाबरलेल्या पेशंटला त्या एक पत्ता ओढायला लावत. आज तो धाकटीला ओढायला लावला होता. लाँड्रीत पाऊल टाकताच त्यांना कळलं होतं, या दोघी बहिणींचं काहीतरी अडलंय.

अडलं होतं ते असं. एका फिरत्या नाटक कंपनीने धाकटीला कपडेपटावर बोलावलं होतं. लहानपणापासून ती चिंध्यांतून राजे आणि राक्षस शिवत आली होती. दुसरं काही तिला नकोच होतं. आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, आणि तिच्या तोंडून हो निघत नव्हतं. आई गेली तेव्हा ती रांगत होती. ताईने शाळा सोडली, लाँड्री सांभाळली, हिला वाढवलं. त्या ताईला या वाफेत एकटीला टाकून जायचं?

पत्त्यावर नदी होती. अलीकडे पूर, पलीकडे हिरवागार काठ. एक भिक्षू नदी ओलांडून रिकाम्या हातांनी पुढे निघाला होता. वेलींनी बांधलेला त्याचा तराफा काठावर तसाच पडला होता. झाडाखाली बसलेले बुद्ध हे सगळं बघून गालात हसत होते.

“ज्याने तारलं त्यालाच सोडून चाललाय,” धाकटी म्हणाली. “आणि बुद्ध चक्क हसतायत!”

“मग काय तराफा डोक्यावर घेऊन हिंडायचं?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्याचं काम पार नेण्याचं. ते झालं. पुढची वाट पायांनी चालायची.”

धाकटीचे डोळे भरले. “तराफ्याला विचारलंय का कुणी?”

ताई मघापासून एका हट्टी कॉलरशी झटत होती. तिने इस्त्री उभी केली, चष्म्यावरची वाफ पदराने पुसली आणि पत्ता हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग ती हसायला लागली. इतकी की तिला स्टुलावर टेकावं लागलं.

“ताई! हसण्यासारखं काय आहे यात?”

“तू पत्ता उलटा वाचलास गं, वेडाबाई.” ताईने तिला जवळ ओढलं. “आई गेली ना, तेव्हा मला अंथरुणातून उठवत नव्हतं. पण तुला भूक लागायची. तू भोकाड पसरलंस की मी उठायचे, दूध तापवायचे. दूध पिऊन तू खिदळायचीस, मग मीही चार घास गिळायचे. अशीच एकेक सकाळ निभली, आणि एक दिवस बघते तर मी पलीकडे पोचलेली.”

डॉक्टरीणबाई कोट विसरून नाक पुसत होत्या, हसतही होत्या.

ताईने फोन उचलून धाकटीच्या हातात कोंबला. “लाव आधी त्या नाटकवाल्यांना. इतकी वर्षं डोक्यावर घेऊन फिरले, आता तुला पाण्यात सोडू दे. तराफा मी नव्हते गं, तू होतीस.”