मिस्त्रींचा कान

"ऐकलंत, मामा? हाच तो आवाज," जावई म्हणाला.

मिस्त्रींनी मान डोलावली. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

गॅरेजच्या दारात जुनी मोटारसायकल स्टँडवर थरथरत उभी होती. जावयाच्या आजोबांची गाडी. खुद्द मिस्त्रींपेक्षा वयाने थोर, पण रुसायला लागली की लहान मूल परवडलं. काल घाट चढून येताना इंजिनात ठोके सुरू झाले होते. आता तोच घाट उतरून दोघांना घरी जायचं होतं. लेक पिशवी खांद्याला लावून तयार होती. अडलं होतं ते फक्त मिस्त्रींच्या शब्दावाचून.

आणि मिस्त्रींचा शब्द म्हणजे मिस्त्रींचा कान. बाकीचे इंजिन खोलून बघत. मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवत, लाकडी मूठ कानाला लावत, डोळे मिटत आणि आतलं दुखणं सांगून मोकळे होत. सगळ्या गावाचा त्या कानावर भरवसा.

गेल्या थंडीपासून त्याच कानांत कुणी कापूस कोंबावा तसं झालं होतं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या ओठांकडे बघायचं, हाताला लागणाऱ्या थरथरीवरून अंदाज बांधायचा आणि वर ठणकावून बोलायचं. निभत होतं. आज सकाळीच समोरचा घड्याळवाला आपल्या मोटारसायकलच्या अशाच ठोक्यांची तक्रार घेऊन आला होता. दुपारी बायकोला घेऊन घाट उतरायचा होता त्याला. मिस्त्रींनी कान लावला आणि हसून त्याची पाठ थोपटली. "कसला आलाय आवाज? मनाचे खेळ आहेत तुमच्या. खुशाल जा."

"रेस द्या जरा, जावईबापू."

मिस्त्रींनी टोक आधी वर टेकवलं, मग खाली. लांबवर नळ वाहत असावा तशी नुसती घरघर. आवाज वरचा, टॅपेटचा असेल, तर वर्षभर वाजला तरी काही बिघडत नाही. पण खालचा असेल, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा, तर उतारावर इंजिन जाम होतं आणि मागचं चाक जागच्या जागी धरतं. अशी एक गाडी त्यांनी घाटातून उचलून आणली होती. माणसांना उचलायला दुसरे लोक आले होते.

"टॅपेटच असेल ना, मामा?" जावयाच्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं.

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. एवढं म्हटलं की पोरं निघाली असती आणि कानाची अब्रूही राहिली असती. हात पुसायचं निमित्त करून ते पाठ वळवून टेबलाशी गेले. फडकं घेऊन पुसलेलीच बोटं पुन्हा पुसत राहिले.

कुणीतरी खांद्याला धरून हलवलं. लेक होती.

"बाबा, किती हाका मारायच्या?"

"इंजिनच्या धडधडीत ऐकू येतंय होय!" मिस्त्री वैतागून म्हणाले.

लेकीचा चेहरा पांढरा पडला. ती त्यांच्या कानाशी वाकली.

"इंजिन केव्हाच बंद केलंय, बाबा."

मिस्त्रींनी आधी स्टँडवर निश्चल उभ्या गाडीकडे बघितलं. मग तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं. फडकं टाकून ते गाडीशी आले, जावयाला किक मारायची खूण केली आणि गुडघे टेकून खाली बसले. या वेळी त्यांनी मूठ कानाला लावली नाही. दातांत धरली.

लेक याच गॅरेजात खेळून मोठी झाली होती. दातांत मूठ कोण धरतं, ते तिला सांगावं लागलं नाही. मिस्त्रींचे वस्ताद कान गेल्यावर शेवटी शेवटी असंच करत. तेव्हा त्यांच्या माघारी सगळी पोरं हसायची. सगळ्यांत मोठ्याने हसायचे ते मिस्त्रीच.

आवाज दातांतून जबड्यात शिरला, जबड्यातून डोक्यात. ठक. ठक. जड, बोदा. वरून येत नव्हता. खालून येत होता.

त्यांनी हात वर केला. इंजिन थांबलं.

"गाडी इथेच राहील. तुम्ही बसने जा."

"पण टॅपेट—"

"टॅपेट नाही." मिस्त्रींना उठताना गाडीचा आधार घ्यावा लागला. "चाक धरलं असतं उतारावर. दोघंही गेला असतात."

लेकीने बापाचा हात हातात घेतला आणि तो स्वतःच्या खांद्यावर ठेवला.

"कधीपासून, बाबा?" ती ओठ सावकाश हलवत म्हणाली.

"थंडीपासून," म्हणता म्हणता मिस्त्री थांबले. थंडीपासून आजपर्यंत 'खुशाल जा' म्हणून धाडलेल्या गाड्या एकामागून एक त्यांच्या डोळ्यांपुढे यायला लागल्या. सगळ्यांत पुढे होती ती आज सकाळची.

ती खरोखरच समोर होती. घड्याळवाला बायकोला मागे बसवून गल्लीतून बाहेर पडत होता. मिस्त्री धावत रस्त्यात गेले, दोन्ही हात उंचावून ओरडले. जीव तोडून ओरडले.

घड्याळवाला हसला. त्यानेही हात हलवला. बायकोनेही हलवला. गाडी घाटाच्या वळणाला लागली आणि दिसेनाशी झाली. जावई हाका मारत मागे पळत सुटला.

मिस्त्री रस्त्याच्या मधोमध उभे होते. लेक धावत आली, तसा त्यांनी तिचा दंड गच्च धरला आणि तिचं तोंड वळणाकडे फिरवलं.

"ऐक," ते म्हणाले. "सांग मला, काय ऐकू येतंय?"