मागून आणि समोरून
खट् करून दाराची कडी वाजली आणि पहाटेची शांतता मोडली. मोहफुलं वेचायला निघालेल्या नवऱ्याने नेहमीसारखा वनखात्याने दिलेला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा डोक्यामागे बांधला. पाठीकडे माणसाचं तोंड दिसलं की वाघ झडप घालत नाही म्हणे. मीही जाणार, म्हणून लेकीला शेजारच्या घरी सोडायचं होतं. सासूबाई दिवाळीनंतर कोरोनात गेल्या, तेव्हापासून मास्कशिवाय पोरीला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही. आज तिने तो स्वतःच बांधला, बापासारखा मागे, वेणीवर. नवरा हसला, "घ्या, आता वाघासारखा कोरोनाबी भेते इले!" मी गाठ सोडून मास्क तिच्या नाकातोंडावर चढवला. "वाघ मागून येते बेटा. कोरोना समोरून येते, जवळ बसून बोलणाऱ्या माणसाच्या तोंडातून." तिने मान डोलावली. मग माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "आई, आजी तं खाटेवरच राहे. तिच्याजवळ बसून कोण कोण बोलत होतं?"